पुढे ढकलण्याआधी...

हाती लागलेले उपयुक्त ज्ञान वाटून घेण्यानेच विज्ञान वाढले. ती सवय आता घराघरांतील मोबाइलमध्ये आली आहे, पण तिच्यासोबतची शिस्त मागेच राहिली.

११ जानेवारी २०२० रोजी इंटरनेटवर एक मजकूर प्रसिद्ध झाला. वाचायला अत्यंत कंटाळवाणा. ए, टी, जी आणि सी ही चारच अक्षरे उलटसुलट क्रमाने पुन:पुन्हा येणारी, सुमारे ३० हजार अक्षरांची एक लांबलचक ओळ. वुहानमध्ये न्यूमोनियाने माणसे आजारी पाडणाऱ्या नव्या विषाणूची ती जनुकीय संहिता होती. शांघायमधील झांग योंगझेन यांच्या गटाने ती उलगडली होती आणि त्यांचे ऑस्ट्रेलियातील सहकारी एडवर्ड होम्स यांनी ती विषाणुशास्त्रज्ञांच्या एका खुल्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येईल अशी ठेवली. पुढच्या दोनच दिवसांत बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या निदान चाचणीची कृती जागतिक आरोग्य संघटनेने जगासाठी खुली केली. त्याच सुमारास अमेरिकेतील मॉडर्ना कंपनीने आपल्या लशीचा आराखडा निश्चित केला आणि १६ मार्च रोजी, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, त्या लशीची पहिली मात्रा एका स्वयंसेवकाच्या दंडात टोचली गेली. लशीच्या इतिहासात असा वेग पूर्वी कुणी पाहिला नव्हता. त्यामागे अनेक वर्षांचे संशोधन होते हे खरेच; पण त्या संशोधनाला चालना मिळाली ती कुणीतरी हाती लागलेली माहिती दाबून न ठेवता वाटली म्हणून.

त्याच वर्षी, त्याच इंटरनेटवरून, त्याच विषाणूबद्दल आणखीही बरेच काही वाटले जात होते. दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसे निरोगी आहेत, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या की विषाणू घशातच मरतो, लसूण खाल्ल्याने संसर्ग टळतो, असे संदेश मराठी घरांतील मोबाइलवर रोज येऊन आदळत होते. कोंबडीचे मांस खाल्ल्याने करोना होतो या एका अफवेने राज्यातील कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले; कोंबडीला उत्पादनखर्चाइतकाही भाव मिळेना. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत, प्राणवायूसाठी माणसे वणवण करत असताना कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो असा संदेश फिरला. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, इतकेच त्यात तथ्य. रक्तातील प्राणवायूची पातळी त्याने वाढत नाही. ती पुरचुंडी नाकाशी धरून रुग्णालयात जायला केलेला उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.

एकच माध्यम, एकच आजार आणि वाटून घेण्याची एकच प्रेरणा. तरीही एका बाजूला लस आणि दुसऱ्या बाजूला पुरचुंडी. हे अंतर कशामुळे पडते, हा प्रश्न केवळ साथीच्या काळापुरता नाही. रोज सकाळी ‘उपयुक्त माहिती, जरूर वाचा आणि पुढे पाठवा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक संदेशाला तो लागू आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे संदेश पुढे पाठवणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती काळजी करणारी असतात. भाच्याला मधुमेह झाल्याचे कळल्यावर मामा त्याला जांभळाच्या बियांची कृती पाठवतात, त्यामागे मायाच असते. चांगले काही सापडले की ते आपल्या माणसांना सांगावे, ही माणसाची फार जुनी आणि फार चांगली खोड आहे. खुद्द ‘वर्ल्ड वाइड वेब’ची निर्मितीही याच खोडीतून झाली. जिनेव्हाजवळच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. १९९३ मध्ये ‘सर्न’ने ते तंत्र साऱ्या जगाला विनामूल्य देऊन टाकले. त्यावर हक्क सांगितला असता तर आजचे इंटरनेट कदाचित वेगळेच दिसले असते.

आणि इंटरनेट येण्यापूर्वीही हे वाटून घेणे चालूच होते. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषत: लहान मुले, दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण बारकाईने पाहिले, विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो याच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे ‘प्राझोसिन’ हे साधे, स्वस्त औषध या दंशावर उपयोगी पडते हे दाखवून दिले. १९८०च्या दशकात त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’सारख्या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. महाडमध्ये सापडलेले ज्ञान महाडपुरते राहिले नाही. पण ते पुढे गेले ते रुग्णांच्या नोंदींसह, मांडणाऱ्याच्या नावानिशी आणि इतरांनी तपासून पाहावे अशा स्वरूपात. या तीन गोष्टी महत्त्वाच्या. ज्ञान आणि ढकलपत्र यांतला फरक इथेच आहे.

ढकलपत्राला कर्ता नसतो. ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले’, ‘नासाने मान्य केले’, ‘जपानमधील संशोधन’ अशी त्याची सुरुवात होते. पण डॉक्टर कोण, नासाने कुठे आणि जपानमधील कोणत्या संस्थेने, हे कधीच कळत नाही. त्याला तारीखही नसते. दहा वर्षांपूर्वीचा संदेश आजच्या सकाळी ताजा होऊन येतो. आणि सर्वांत घातक म्हणजे त्यात दुरुस्तीची सोय नसते. विज्ञानातही चुका होतात, कधी कधी लबाड्याही होतात. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच अवघ्या १२ मुलांवरचा एक शोधनिबंध छापून आला आणि गोवर-गालगुंड-रुबेला या लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. पुढे लाखो मुलांच्या अभ्यासातून असा कोणताही संबंध आढळला नाही. मूळ निबंधातील गैरप्रकारही उघड झाले आणि २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला. आज तो निबंध उघडला तर तो मागे घेतल्याची नोंद त्याच्या माथ्यावरच दिसते. पण त्या निबंधावर बेतलेल्या संदेशांच्या माथ्यावर असा शिक्का कोण मारणार? २०१७ मध्ये भारतात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली तेव्हा कर्नाटक आणि तमिळनाडूत या लशीविरुद्धचे संदेश पालकांच्या मोबाइलवर फिरत होते. तोवर निबंध मागे घेऊन सात वर्षे उलटली होती.

खोटे इतके वेगाने का पसरते, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या, खरेखोटेपणा तपासला गेलेल्या सुमारे सव्वा लाख बातमी-साखळ्या अभ्यासल्या. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असते आणि १५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागतो. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, याला जबाबदार यंत्रे नव्हती. आपोआप संदेश पाठवणारी खाती वगळून पाहिली तरी चित्र तेच राहिले. खोट्यात नावीन्य असते, ते चकित करते, भीती किंवा किळस निर्माण करते. खरे बहुतेकदा जुने आणि साधे असते. ‘मीठ कमी खा, रोज चाला, तंबाखू सोडा’ हा सल्ला कितीही खरा असला तरी तो वाचून कुणी दचकत नाही, आणि न दचकलेला माणूस संदेश पुढे पाठवत नाही.

दुसऱ्या एका संशोधनाने थोडी आशा दाखवली. गॉर्डन पेनीकुक, डेव्हिड रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, विचारले तर बऱ्याच लोकांना खरे-खोटे बऱ्यापैकी ओळखता येते. पण पुढे पाठवताना ते त्यांच्या मनातच नसते. त्या क्षणी लक्ष असते ते समोरच्याला काय आवडेल याकडे. एखाद्या मथळ्याच्या अचूकतेबद्दल आधी नुसता एक प्रश्न विचारला तरी नंतर पाठवल्या जाणाऱ्या मजकुराचा दर्जा सुधारतो. म्हणजे रोग अज्ञानाचा जितका, तितकाच घाईचा आहे. आणि घाईवर औषध सापडू शकते.

ही घाई किती महाग पडते, ते तीन उदाहरणांवरून दिसेल. पहिले पक्षाघाताचे. पक्षाघाताचा झटका आला की रुग्णाला हलवू नका, सुईने दहाही बोटांच्या टोकांना आणि कानाच्या पाळ्यांना टोचून रक्त काढा, असे सांगणारा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. बोटाच्या टोकातून निघालेल्या चार थेंबांचा मेंदूतील गुठळीशी काहीही संबंध नाही. पक्षाघात दोन प्रकारे होतो. बहुतेकांना मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे, तर काहींना ती फुटून रक्तस्राव झाल्यामुळे. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि कोणता प्रकार आहे हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही. गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. मोठ्या रक्तवाहिनीचा पुरवठा खंडित झाल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. सुई शोधण्यात, ती तापवण्यात आणि दहा बोटे टोचण्यात गेलेली पंधरा मिनिटे म्हणजे काय, याचा हिशेब यावरून करता येईल. प्रत्यक्षात लक्षात ठेवायचे ते फारच थोडे आहे. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलता येईना किंवा बोलणे अडखळले, यांपैकी काहीही अचानक घडले की वेळ पाहून ठेवायची आणि १०८ क्रमांकावर फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायचे.

दुसरे उदाहरण हृदयविकाराचे. एकटे असताना छातीत दुखू लागले तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल, असे एक ढकलपत्र सांगते. यात सत्याचा एक कण आहे आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक आहे. रुग्णालयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी चालू असताना, हृदयाचे ठोके पडद्यावर दिसत असताना, ठोक्यांची लय अचानक बिघडली तर डॉक्टर कधी कधी रुग्णाला खोकायला सांगतात. त्याने काही सेकंद रक्ताभिसरण टिकते. पण ते तिथे, त्यांच्या देखरेखीत. घरी एकट्या असलेल्या माणसाने ते करायचे नाही, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट केले आहे. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडणे. त्यात हृदय बहुधा चालूच असते आणि खोकल्याने ती वाहिनी उघडत नाही. हृदय बंद पडणे ही वेगळी गोष्ट. त्यात माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो आणि खोकूच शकत नाही. त्याला उपयोग होतो तो शेजारच्या माणसाचा. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे, मदत येईपर्यंत. हे शिकायला काही तास पुरतात. खोकण्याच्या संदेशाइतकी ही माहिती फिरली असती तर किती तरी घरांत रडारड टळली असती.

तिसरे सर्पदंशाचे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला आहे. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले. असे असताना दंशाच्या जागी चिरा द्या, विष तोंडाने ओढा, वर करकचून आवळून बांधा किंवा जिभेवर अमुक थेंब टाका, असे उपाय अजूनही पुढे ढकलले जातात. चिरा दिल्याने रक्तस्राव वाढतो, जंतुसंसर्ग होतो. आवळपट्टीने अवयव निकामी होऊ शकतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांवर गुणकारी असे एकच औषध आहे, ते म्हणजे प्रतिविष, आणि ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. रुग्णाला धीर द्यायचा, दंश झालेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि लगेच प्रतिविष मिळेल असे रुग्णालय गाठायचे. साप मारत किंवा पकडत बसायचे नाही. इतकी ही चार वाक्ये. ढकलपत्रापेक्षा लहान.

मग इंटरनेटवर सापडलेले काही कुणाला पाठवायचेच नाही का? तसे म्हणणे म्हणजे विंचवाच्या भीतीने कोकणात जाणे सोडण्यासारखे होईल. पाठवायला तिथे इतके उत्तम आहे की एक आयुष्य पुरणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे ‘पबमेड’ साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय नोंदी कुणालाही फुकट शोधू देते. तेच ग्रंथालय ‘मेडलाइनप्लस’ या नावाने आजार आणि औषधांची माहिती सोप्या इंग्रजीत देते. ‘कोक्रेन’ ही संस्था एखाद्या उपचारावर झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासून, त्यांचा एकत्रित निष्कर्ष साध्या भाषेतील सारांशासह मांडते. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या वैज्ञानिक खेळण्यांच्या चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतील हजारो पुस्तके कुणालाही मोफत घेता येतील अशी ठेवली आहेत. काडेपेटी, सायकलच्या नळीचे तुकडे आणि जुनी पेने यांतून शिकवलेले विज्ञान जगभरच्या शाळांत पोहोचले. मराठी विश्वकोशही आता बोटांच्या टोकावर आहे. ‘सकाळी उठून पाहावे असे काही’ शोधणाऱ्याला ही दालने रोज नवे काही देतील.

सामान्य माणसाने पाठवलेल्या एखाद्या शोधाने विज्ञानात भर पडते, याचेही सुंदर उदाहरण आहे. २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ नावाचा उपक्रम सुरू झाला. दुर्बिणीने टिपलेल्या लाखो दीर्घिकांची छायाचित्रे लोकांसमोर ठेवायची आणि त्यांच्याकडून त्यांचे आकार ओळखून घ्यायचे, अशी ती कल्पना. हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधील शाळाशिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी चमत्कारिक डाग दिसला. ‘हे काय आहे?’ एवढेच तिने विचारले. खगोलशास्त्रज्ञांनाही ते ठाऊक नव्हते. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी कधी तरी निघालेल्या प्रखर प्रारणाने उजळलेला तो वायूचा प्रचंड ढग असल्याचे पुढे समजले आणि तो आज तिच्याच नावाने ओळखला जातो. तिने काय केले नाही, हे पाहण्यासारखे आहे. ‘नासाने लपवून ठेवलेले रहस्य’ असे लिहून तिने ते छायाचित्र शंभर जणांना पाठवले नाही. ज्यांना कळण्याची शक्यता आहे त्यांना तिने प्रश्न विचारला. ‘हे खरे आहे का?’ असे विचारून पाठवलेला संदेश आणि ‘हे खरे आहे’ असे सांगून पाठवलेला संदेश यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पुढे पाठवण्यापूर्वी स्वत:ला विचारण्याजोगे प्रश्न म्हणूनच थोडे आणि सोपे आहेत. हे कुणी सांगितले, त्या माणसाचे किंवा संस्थेचे नाव आहे का, आणि त्यांच्या स्वत:च्या संकेतस्थळावर ते सापडते का? कधी सांगितले? प्रयोग झाला तो उंदरांवर, काचेच्या नळीतील पेशींवर की माणसांवर, आणि किती माणसांवर? कर्करोगाच्या पेशी नळीत हळदीने मेल्या म्हणजे हळदीचे दूध पिऊन कर्करोग बरा होतो असे नव्हे. नळीतील पेशी ॲसिडनेही मरतात. आणि आकडा दिला असेल तर तो कशाच्या तुलनेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये सांगितले की, रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असा अनेकांनी घेतला. समजा मुळात शंभरातल्या पाच जणांना तो आयुष्यात कधी तरी होत असेल, तर १८ टक्क्यांच्या वाढीने ते पाचाचे जवळपास सहा होतील. धोका खरा आहे, पण तो किती, हे कळल्याशिवाय माणसाला काही ठरवता येत नाही. सर्वांत शेवटचा प्रश्न असा की, हे खोटे निघाले आणि एखाद्याने त्याप्रमाणे केले, तर काय होईल? वांग्याच्या भरताची कृती चुकली तर जेवण बिघडेल. पक्षाघाताची चुकली तर माणूस जाईल. दोन्ही संदेशांना एकच कसोटी लावून चालणार नाही.

कुटुंबाच्या गटात चुकीचा संदेश आला तर काय करावे, हा त्याहून नाजूक प्रश्न. काकांनी पाठवलेले चारचौघांत खोडून काढले की माहिती बाजूला राहते आणि मानापमान सुरू होतो. ‘काका, तुम्ही पाठवलेले मी डॉक्टरांना विचारले, ते असे म्हणाले’ असा वेगळा निरोप त्यांनाच पाठवला तर ते स्वत:च दुरुस्ती टाकण्याची शक्यता असते, आणि त्यांच्या शब्दाला गटात वजनही अधिक असते. नुसते ‘हे खोटे आहे’ म्हणण्यापेक्षा खरे काय तेही सोबत द्यावे. सुई टोचू नका, एवढ्यावर थांबले तर घाबरलेल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. १०८ला फोन करा, हे सांगितले तर उरते.

मात्र सगळा भार वाचणाऱ्याच्या खांद्यावर टाकणे हेही अन्यायाचेच. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. देशभर अशा घटना घडू लागल्यावर व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असे केले, तेव्हा अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच जाहीर केले. थोडासा अडथळा किती काम करतो, हे यातून दिसले. तो अडथळा माणसे मरण्यापूर्वी का घातला गेला नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संदेशावर दिसणारी दुहेरी बाणाची खूण म्हणजे तो किमान पाच हातांतून आला आहे. निदान ती खूण पाहून तरी थांबावे, हे आता प्रत्येक मोबाइलधारकाला माहीत असायला हवे.

जबाबदारी सरकारची आणि डॉक्टरांचीही आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली करण्याचा हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो संस्थांच्या भिंतींच्या आत थांबतो, आणि ते ज्ञान इंग्रजीत आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा. तरी मराठी विकिपीडियावरील लेख लाखाच्या आसपास, तर इंग्रजी विकिपीडियावर साठ लाखांहून अधिक. मध्यरात्री छातीत दुखू लागलेल्या वडिलांसाठी मुलगी मराठीत शोधते, तेव्हा तिला आधी काय सापडते? बहुतेकदा कर्त्याचे नाव नसलेला, ‘रामबाण’ शब्दाने सुरू होणारा मजकूर. ती पोकळी आहे म्हणून ढकलपत्र आत शिरते. खोट्याची बाजारपेठ ही खऱ्याच्या टंचाईवर उभी असते.

ती टंचाई दूर करणे अवघड नाही. राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालये आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी पक्षाघात, हृदयविकार, सर्पदंश, उष्माघात, विषबाधा अशा वीस-पंचवीस आणीबाणीच्या प्रसंगांसाठी मराठीत, एका मिनिटात ऐकता येतील असे ध्वनिसंदेश आणि चित्रे तयार करावीत. त्यांवर तयार करणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी, दर वर्षी ते तपासले जावेत आणि मोबाइलवरून सहज पुढे पाठवता यावेत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी आणि आदिवासी बोलींतही ते असावेत, कारण घाबरलेला माणूस आपल्या बोलीतच ऐकतो. आशा सेविकांच्या मोबाइलवर ते सर्वांत आधी पोहोचावेत, कारण गावात कुणाचे ऐकायचे हे लोकांनी आधीच ठरवलेले असते. मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांकडे विज्ञान मराठीत सांगण्याचा १९६६ पासूनचा अनुभव आहे. त्याचा उपयोग करून घ्यायला पैसा फार लागणार नाही, इच्छा मात्र लागेल.

ते होईपर्यंत पुढे ढकलण्याचे बटण प्रत्येकाच्या अंगठ्याखाली आहेच. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून शेजाऱ्याला द्यायला लोक कचरतात. काही बरेवाईट झाले तर, ही भीती असते. आरोग्याचा सल्ला पुढे पाठवणे ही त्याहून वेगळी कृती नाही. शांघाय आणि सिडनीतील शास्त्रज्ञांनी ती अक्षरांची ओळ जगाला दिली तेव्हा तिच्यासोबत त्यांची नावे होती, आणि ती चुकली असती तर चूक दाखवून देण्याची सोय जगाकडे होती. घरातल्या गटावर काही पाठवताना आपण आपले नाव त्याखाली लिहू का, एवढा प्रश्न विचारला तरी बरेचसे संदेश अंगठ्याखालीच थांबतील. उरलेले खुशाल पाठवावेत. त्यांची गरज आहे.